खोऱ्यातील कोळसा खाण : पाणी आणि शेतजमीन कशी राखावी

खोऱ्यात कोळशाची खाण येणार असे ठरले की चर्चा बहुधा जमिनीच्या मोबदल्यापाशी अडकते आणि पाण्याकडे लक्ष जाईपर्यंत विहिरींनी तळ गाठलेला असतो. खाण शेतापासून लांब आहे या दिलाशाला खोऱ्यात फारसा अर्थ नाही. कारण नदीचे पाणी, काठच्या वाळू-गाळाच्या थरातले पाणी आणि विहिरीचे पाणी एकमेकांशी जोडलेले असते. खड्डा भूजलपातळीच्या खाली गेला की कोळसा काढण्यासाठी सतत उपसा करावा लागतो आणि भोवतालची पातळी त्या खड्ड्याकडे उतरत जाते.

म्हणून मोजणी खाणीचे काम सुरू होण्यापूर्वीच करावी, आणि ती किमान वर्षभर, सर्व ऋतूंत करावी. विहिरीच्या काठावर न पुसणारी खूण करून त्या खुणेपासून पाण्यापर्यंतचे अंतर घ्यावे. तेही सकाळी, उपसा सुरू होण्याआधी, कारण पंप चालू असताना घेतलेला आकडा पुढे वादात टिकत नाही. वहीत तारीख, वेळ आणि पाऊस लिहावा. खाणीच्या प्रभावाबाहेरच्या एक-दोन विहिरींचीही नोंद ठेवावी. पुढे पातळी उतरली तर ती अवर्षणाने उतरली की उपशाने, हे त्या तुलनेवाचून सिद्ध करता येत नाही.

पाण्याच्या गुणवत्तेसाठी सामू (पाणी किती आम्ल आहे याचा आकडा), विद्युत वाहकता (विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देणारे माप), सल्फेट, लोह आणि मँगनीज यांची तपासणी करून घ्यावी. कोळशाच्या थरांत अनेकदा पायराइट हे लोह-गंधकाचे खनिज असते; त्याला हवा आणि पाणी लागले की गंधकाम्ल तयार होते. ओढ्यातल्या दगडांवर बोटाला लागणारा नारिंगी साका दिसला तर ते त्याचे लक्षण समजावे. मात्र केवळ सामूवर विसंबू नये. खडकात चुना असेल तर आम्ल जागीच निवते, सामू ठीक दिसतो आणि सल्फेट व क्षार तेवढे वाढत राहतात. ही वाढ वाहकतेच्या आकड्यात आधी दिसते. सिंचनासाठी वाहकता प्रति मीटर ०.७ डेसीसीमेन्सच्या आत असेल तर सहसा अडचण येत नाही, परंतु ३ च्या पुढे गेलेले पाणी अनेक पिकांना घातक ठरते आणि जमीन खारवते.

खाणीच्या आराखड्यात स्वच्छ आणि गढूळ पाण्याच्या वाटा वेगळ्या दाखवल्या आहेत का, हे तपासावे. वरच्या उतारावरून येणारे पावसाचे पाणी चर काढून खाणीच्या बाजूने थेट ओढ्यात न्यावे, आणि खाणीतले पाणी गाळ-तळ्यात थांबवून, तपासून मगच सोडावे. ऑस्ट्रेलियातील हंटर नदीवर खाणींना खारे पाणी केवळ नदीला पुरेसा प्रवाह असताना आणि ठरलेल्या वाट्याइतकेच सोडता येते. त्या नदीकाठच्या सिंगल्टन येथे वाहकता प्रति सेंटीमीटर ९०० मायक्रोसीमेन्सच्या (म्हणजे वरच्या मापात प्रति मीटर ०.९ डेसीसीमेन्सच्या) आत राखणे हे त्या योजनेचे उद्दिष्ट आहे. अशी अट परवान्यातच घालून घ्यावी, कारण नंतरची तोंडी आश्वासने पहिल्याच कोरड्या वर्षात विरतात.

माती-दगडाचे ढिगारे कुठे रचणार, हा प्रश्न तितक्याच आग्रहाने विचारावा. वेल्समधील ॲबरफॅन येथे खाणीचा ढीग झऱ्यावर रचला गेला होता. २१ ऑक्टोबर १९६६ रोजी तो घसरून १४४ माणसे गेली, त्यांपैकी ११६ मुले होती. गावातील जुन्या माणसांना बरोबर घेऊन झरे आणि पाझर नकाशावर उतरवावेत, कारण त्यांतले बरेचसे सरकारी नकाशात नसतात.

आता माती. वरचा सुपीक थर आणि त्याखालचा थर वेगवेगळे काढून वेगवेगळे साठवावेत. दोन्ही एकदा मिसळले की पुन्हा निवडता येत नाहीत. साठा दोन-तीन मीटरपेक्षा उंच करू नये आणि त्यावर लगेच गवत पेरावे. वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या उंच ढिगाच्या पोटात हवा पोहोचत नाही आणि मातीतले जीव मरतात. शक्य तिथे माती साठवूच नये, भरून झालेल्या भागावर थेट पसरावी. वाफसा नसताना तिच्यावर यंत्र घालू नये. चिमूटभर माती तळव्यांत वळून सुमारे तीन मिलिमीटर जाडीची वात झाली, तर ती अजून ओली आहे. वात वळताना भुगा झाला, तर काम करता येते. ओल्या मातीवर चाललेल्या अवजड यंत्राने जे दडपण बसते, ते नांगराच्या फाळाखालीही उरते आणि ती जमीन पुढे चिबडते.

खाण भूमिगत असेल तर शेतांच्या उंचीचे आधीच सर्वेक्षण करून घ्यावे, कारण खाली पोकळी झाल्यावर जमीन खचते आणि पाण्याचा उतार बदलतो.

करारात बाधित विहिरीला पर्यायी पाणी किती दिवसांत आणि कोणाच्या खर्चाने मिळेल हे आकड्यांसह लिहून घ्यावे. अमेरिकेच्या १९७७ च्या खाण कायद्यात पश्चिमेकडील नदीगाळाच्या खोऱ्यांतील शेती खंडित होणार असेल तर परवानाच नाकारण्याची तरतूद आहे. वाटाघाटीत हा दाखला उपयोगी पडतो. शेवटच्या खड्ड्याचा निर्णयही तेव्हाच घ्यावा. तो उघडा सोडला तर त्यात तळे साचते, बाष्पीभवनाने त्यातले क्षार वाढत जातात आणि त्या पाण्याची तपासणी खाण बंद झाल्यावर कोण, किती वर्षे आणि कोणत्या ठेवीतून करणार, याचे उत्तर परवाना मिळण्यापूर्वी कागदावर आले पाहिजे.