न भरणारी जखम: मलम बदलण्याआधी या चुका टाळा

जखम भरत नाही म्हणून मलम बदलायचे, तरीही भरत नाही म्हणून डॉक्टर बदलायचा, असा क्रम अनेकदा महिनोन्महिने चालतो आणि तोवर जखम आतून खोल जाते. या सगळ्यात मुळातली चूक एकच असते. सर्वांचे लक्ष जखमेवर खिळलेले असते. ज्या शरीरावर ती झाली आहे त्याची चौकशी कोणी करत नाही. चार ते सहा आठवड्यांत जी जखम स्पष्टपणे लहान होत नाही, तिच्यामागे बहुधा रक्ताभिसरण, मधुमेह, सततचा दाब किंवा सूज यांपैकी काहीतरी असते, आणि ते कारण तसेच राहिले तर उत्तमातले उत्तम मलमही वरवरचेच ठरते.

कारणाचा पहिला सुगावा जखमेच्या जागेवरूनच लागतो. घोट्याच्या आतल्या बाजूला वर, सुजलेल्या आणि तपकिरी पडलेल्या कातडीत उथळ, सतत पाझरणारी जखम असेल, तर दोष बहुधा शिरांचा, म्हणजे रक्त हृदयाकडे परत नेणाऱ्या वाहिन्यांचा, असतो. पायाच्या बोटांच्या टोकांवर कोरडी, फिकट तळाची जखम असेल, पाऊल थंड लागत असेल, आणि रात्री आडवे झाल्यावर दुखणे वाढून पाय खाली सोडल्यावर बरे वाटत असेल, तर धमन्यांतून रक्त पुरेसे पोहोचत नाही असे समजावे. तळव्यावरच्या घट्ट्याच्या मधोमध पडलेली आणि मुळीच न दुखणारी जखम मधुमेहाने बधिर झालेल्या पायाची असू शकते. दुखत नाही म्हणून ती किरकोळ, हा समज फार घातक आहे. वेदनेचा इशाराच बंद पडल्यामुळे माणूस त्याच जखमेवर दिवसभर चालत राहतो.

ही ओळख न पटवता घट्ट पट्टी बांधणे ही दुसरी मोठी चूक. शिरांच्या व्रणावर, म्हणजे शिरांच्या दोषामुळे न भरणाऱ्या जखमेवर, दाबाची पट्टी हाच मुख्य उपचार आहे, परंतु धमन्या अरुंद झालेल्या पायावर तीच पट्टी उरलासुरला रक्तपुरवठा तोडू शकते. म्हणून आधी घोट्याच्या आणि दंडाच्या रक्तदाबाचे गुणोत्तर मोजून घ्यावे. ते साधारण 0.9 ते 1.3 असणे अपेक्षित असते, 0.8 च्या खाली असल्यास तज्ज्ञाच्या सल्ल्याशिवाय पूर्ण दाबाची पट्टी बांधू नये. मधुमेहात धमन्या कडक झाल्याने हा आकडा फसवा, म्हणजे खोटा चांगला, येऊ शकतो.

जखम उघडी ठेवून वाळू द्यावी, हा सल्लाही पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. पण जॉर्ज विंटर या संशोधकांनी 1962 साली डुकरांच्या जखमांवर केलेल्या प्रयोगात पातळ पडद्याने झाकून ओलसर ठेवलेल्या जखमांवर नवी कातडी उघड्या जखमांपेक्षा जवळजवळ दुप्पट वेगाने आली. अर्थात ओलसर म्हणजे चिंब नव्हे. ड्रेसिंग काढल्यावर कडेची कातडी पांढरी, सुरकुतलेली आणि भिजट दिसली, तर ड्रेसिंग कमी शोषत आहे किंवा उशिरा बदलले जात आहे. याला एक अपवाद आहे: रक्तपुरवठा कमी असलेल्या पायावरची कोरडी, घट्ट, काळी खपली घरी भिजवू किंवा ओढू नये.

चिकटलेला गॉज झटक्याने ओढल्यास त्याबरोबर लालसर दाणेदार नवे मांस निघून येते; म्हणून तो सलाईनने (निर्जंतुक मिठाच्या पाण्याने) भिजवून, सैल होईपर्यंत थांबून काढावा. हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा स्पिरिट रोज ओतणेही असेच, कारण त्यांनी जंतूंबरोबर नव्या पेशीही मरतात.

प्रतिजैविकांविषयी स्पष्टच सांगतो. प्रत्येक जुनाट जखमेत जंतू सापडतातच, त्यामुळे केवळ स्वॅबच्या (जखमेतून पुसून घेतलेल्या नमुन्याच्या) अहवालावरून गोळ्या सुरू करणे योग्य नाही. पसरती लाली, ऊब, वाढते दुखणे, दुर्गंधी, पू ही संसर्गाची लक्षणे आहेत. लालीच्या कडेने पेनने रेघ ओढून ठेवावी. लाली रेघ ओलांडत असेल, थंडी वाजून ताप आला असेल, कातडी काळी पडत असेल किंवा जखमेत हाड दिसत असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही, तेव्हा हाताच्या पाठीने ऊब आणि कडकपणा पाहावा.

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या माकडहाडावर किंवा टाचेवर लाल डाग दिसला की अनेकजण तिथे चोळतात. चोळू नये, आणि मधे भोक असलेली गोल उशीही देऊ नये. साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी आणि टाचा गादीपासून अधांतरी ठेवाव्यात. बधिर पायाच्या व्रणालाही हाच न्याय लागू होतो: ड्रेसिंगइतकेच महत्त्व त्या जागेवरचा भार काढणाऱ्या प्लास्टरला किंवा बुटाला आहे, आणि तो बूट रात्री न्हाणीघरापर्यंत जाताना काढून ठेवला तर उपयोग राहत नाही.

आहारात प्रथिने कमी पडू देऊ नयेत, धूम्रपान बंद करावे.

जखम नजरेच्या अंदाजाने मोजू नये. आठवड्यातून एकदा, त्याच उजेडात, शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढावा. योग्य उपचार चालू असताना मधुमेही पायाच्या व्रणाचे क्षेत्रफळ 4 आठवड्यांत निम्मे झाले नाही, तर निदान पुन्हा तपासून घ्यावे. वर्षानुवर्षे राहिलेल्या जखमेची कड उंचावली, ती सहज रक्ताळू लागली किंवा मांस फुलकोबीसारखे वाढले, तर बायोप्सी करून घ्यावी. जुन्या व्रणात क्वचित कर्करोग उद्‌भवतो.

शिरांचा व्रण भरल्यावर दाबाचे मोजे कपाटात ठेवून देणे ही शेवटची चूक, कारण शिरांचा दोष तसाच असतो आणि व्रण त्याच जागी परततो. डॉक्टरांनी सांगितलेले मोजे सकाळी, पायावर सूज चढण्याआधी, अंथरुणातच घालावेत.