फ्लिपबुक की प्रोसीजरल? मोबाइल गेममधले इफेक्ट करताना या चुका टाळा

धूर, आग, स्फोट दाखवायच्या दोन वाटा आहेत. हुदिनीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये सिम्युलेशन करून त्याच्या फ्रेम आधीच रेंडर करायच्या आणि एका टेक्श्चरवर (गेम वापरतो त्या चित्रावर) चौकटी-चौकटीत मांडायच्या, म्हणजे फ्लिपबुक. नाहीतर गेम चालू असतानाच शेडरमध्ये (ग्राफिक्स चिपवर, म्हणजे जीपीयूवर चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये) नॉइज (गणितानं काढलेला अनियमित नमुना) काढून आकार तिथल्या तिथे घडवायचा, म्हणजे प्रोसीजरल.

पहिली चूक इथेच होते. ‘यातलं चांगलं कोणतं?’ असं विचारलं जातं आणि एकच पद्धत सगळ्या गेमला लावली जाते. विचारायला हवं ते वेगळंच: खेळणाऱ्यानं काही केलं, तर हा इफेक्ट बदलायला हवा का? ढाल जिथे मार बसेल तिथेच उजळायची असेल, तर शेडर. अर्ध्या सेकंदात संपणारा स्फोट असेल, तर फ्लिपबुक. सिम्युलेशनमधल्या ज्वाळांचा बारकावा फोनवर दर फ्रेमला नव्यानं काढणं परवडत नाही.

फ्लिपबुक घेतलं की मेमरी मोजा, आणि ती डिस्कवरच्या पीएनजी फाइलवरून मोजू नका. २०४८ × २०४८ च्या टेक्श्चरवर ८ × ८ अशा ६४ फ्रेम बसतात, प्रत्येकी २५६ पिक्सेलची. कॉम्प्रेशन नसेल तर हे एकच टेक्श्चर जीपीयूसाठी १६ एमबी घेतं. मिपमॅप (लांबून पाहण्यासाठी त्याच चित्राच्या लहान होत जाणाऱ्या प्रती) लावले की आणखी एक तृतीयांश. एएसटीसी ६ × ६ (जीपीयूला थेट वाचता येणारं कॉम्प्रेशन) केलं तर मिपमॅपशिवाय ते दोन एमबीच्या आत येतं. चौकटींच्या कडेला शेजारच्या फ्रेमची रेघ दिसत असेल, तर प्रत्येक चौकटीभोवती थोडी रिकामी जागा सोडा. नाहीतर लांबून पाहताना मिपमॅपमध्ये दोन चौकटी एकमेकींत मिसळतात. स्लो मोशनमध्ये धक्के बसतात म्हणून दोन फ्रेम नुसत्या मिसळल्या, तर एकाच ढगाचे दोन ढग दिसतात. तिथे मोशन व्हेक्टर, म्हणजे प्रत्येक पिक्सेल पुढच्या फ्रेममध्ये कुठे सरकतो याची नोंद, लागतात.

सगळे स्फोट सारखे दिसतात म्हणून पार्टिकल (इफेक्ट ज्यांवर दिसतो ते छोटे चित्र-तुकडे) वाटेल तसे फिरवणं ही फार नेहमीची चूक. फ्रेममध्ये प्रकाश बेक झालेला, म्हणजे चित्रातच आधी पक्का केलेला असतो. धुराची उजळ बाजू वर होती, ती पार्टिकल फिरवल्यावर खाली येते आणि सूर्य जमिनीतून उगवल्यासारखं वाटतं. थोड्या अंशांतच फिरवा. आकार, वेग आणि सुरुवातीची फ्रेम बदला.

आता दुसरा गैरसमज: प्रोसीजरल म्हणजे हलकं. २००४ चा ‘.क्रीगर’ हा आख्खा थ्रीडी शूटर ९६ केबीत मावला होता, हे खरं. पण सुरू होताना तो सगळी टेक्श्चर घडवत बसायचा, आणि घडलेली टेक्श्चर मेमरीत जागा घ्यायचीच. वाचली ती फक्त फाइल. धुराच्या शेडरमध्ये नॉइजचे पाच थर आणि पडद्यावर एकावर एक दहा पार्टिकल असतील, तर एका पिक्सेलसाठी पन्नास वेळा नॉइज काढावा लागतो. फोन तापणारच. नॉइज २५६ पिक्सेलच्या, सलग जुळणाऱ्या टेक्श्चरवर बेक करा आणि तेच टेक्श्चर दोन वेगवेगळ्या वेगांनी सरकवा. मला तर बहुतेक धुरांसाठी हाच मधला मार्ग योग्य वाटतो.

आणि सर्वांत जास्त वेळ खाणारी तक्रार: ‘सुरुवातीला आग छान हलते, मिनिटाभरानं अडखळते.’ दोष नॉइजचा नसतो, टाइमचा, म्हणजे शेडरला मिळणाऱ्या वाढत्या सेकंदांच्या आकड्याचा असतो. शेडरमध्ये टाइम मीडियमपी (मध्यम अचूकतेचा) घेतला तर बऱ्याच फोनवर तो १६ बिटांत साठतो. ६४ सेकंद उलटले की त्यात १/१६ सेकंदाहून लहान बदल मावतच नाही, त्यामुळे आग सेकंदाला फार तर सोळाच वेळा हलते. आणखी वेळ गेला की पावलं अजून मोठी होतात. कॉम्प्युटरवर हे सहसा दिसत नाही, कारण तिथला जीपीयू तीच किंमत बहुधा ३२ बिटांतच ठेवतो. टाइम हायपी (जास्त अचूकतेचा) घ्या, किंवा इफेक्टचं आवर्तन पूर्ण झालं की तो सीपीयूवरूनच पुन्हा शून्यावर आणा, आणि तपासणी स्वस्तातल्या फोनवर, गेम निदान दहा मिनिटं चालू ठेवून करा.