उजवं पान

मी मुद्रितशोधक आहे. १९ वर्षं दिवसभर प्रुफं वाचतेय. मजकूर बिनचूक असला की माझी नजर पुढे सरकते. ती अडते ती ऱ्हस्वाचं दीर्घ झालं असेल तिथे, अनुस्वार गळला असेल तिथे. सात महिन्यांपूर्वी बौद्ध तत्त्वज्ञान वाचायला घेतलं, तेव्हा ही नजर सोबत आलीच. 'सगळं दुःख आहे' एवढं उचललं आणि स्वतःच्या मनाची प्रुफं काढून बसले. इथे चीड, तिथे मत्सर, पुढच्या ओळीत आळस. महिन्याभरात पानभर लाल खुणा झाल्या आणि मी आधीपेक्षा जास्त खचले. तुम्ही नव्याने सुरुवात करत असाल, तर माझा तो महिना तुमच्या वाट्याला येऊ नये, एवढ्यासाठी लिहितेय.

आधी चारही आर्यसत्यं एका बैठकीत वाचा. दुःख आहे, त्याला कारण आहे, ते थांबतं, थांबवायची वाट आहे. पहिल्यावर मुक्काम ठोकला की तिसरं दिसतच नाही.

मग मज्झिम निकाय या बुद्धांच्या उपदेशांच्या पाली संग्रहातलं महासच्चक सुत्त, म्हणजे एक उपदेश, काढा आणि त्यातला जांभळाच्या झाडाचा प्रसंग शोधा. कठोर तप करून शरीराचा सापळा झालेला आहे, हाती काही लागलेलं नाही. अशा वेळी गौतमाला लहानपणचा एक दिवस आठवतो. वडील कामात होते, तो जांभळाच्या गार सावलीत बसला होता आणि मन आपोआप शांत, आनंदी झालं होतं. तो स्वतःला विचारतो, हे सुख तर वासनेतून आलेलं नाही, यात अकुशल, म्हणजे अहिताचं, काही नाही, मग मी याला भितो कशाला? आणि तो पुन्हा अन्न घेऊ लागतो. बोधीकडे जाणारा रस्ता एका सुखाच्या आठवणीपाशी वळतो, हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ तशीच बसून राहिले.

आता कामाचं. चौथ्या सत्यातली वाट म्हणजे अष्टांगिक मार्ग. त्यातल्या सम्यक व्यायामाचे, म्हणजे योग्य प्रयत्नाचे, चार भाग आहेत. न उपजलेलं अकुशल उपजू न देणं, उपजलेलं सोडणं, न उपजलेलं कुशल उपजवणं, आणि उपजलेलं कुशल टिकवून वाढवणं. मी पहिले दोनच करत होते. अर्धं काम टाकून दिलं होतं आणि त्यालाच साधना समजत होते. 'कुशल' हा शब्द तर आपल्या तोंडातलाच. 'कुशल कारागीर' म्हणतो तेव्हा त्यात कसब असतं, 'क्षेमकुशल' विचारतो तेव्हा बरं असणं. पालीतला 'कुसल' वाचताना हे दोन्ही अर्थ जवळ ठेवा, पुष्कळ उलगडतं.

द्वेधावितक्क सुत्तात बुद्ध सांगतात की बोधीच्या आधी त्यांनी आपल्या विचारांचे दोन भाग केले होते. मी त्यासाठी साधी वही घेतली. डाव्या पानावर अकुशल, उजव्या पानावर कुशल. रात्री झोपण्याआधी दहा मिनिटं. पहिले अकरा दिवस उजवं पान कोरं राहिलं. माझ्यात चांगलं काही नव्हतं असं नाही. मला ते टिपताच येत नव्हतं. मी मोठं काहीतरी शोधत होते, दान, त्याग वगैरे. कुशलाची मुळं तीन: अलोभ, अद्वेष, अमोह. म्हणजे लोभ, द्वेष, मोह जिथे क्षणभर नव्हते, ती जागा हेरायची. बाराव्या दिवशी लिहिलं: 'सकाळी फोनवर आवाज चढत होता. शब्द बाहेर पडायच्या आत खाली आला.' बस. एवढंच लिहायचं असतं. 'मी शांत स्वभावाची आहे' असं लिहिलंत तर ती स्वतःची तारीफ झाली, नोंद नाही. काय झालं, कधी झालं आणि अंगात काय जाणवलं, इतकंच. माझे खांदे सैल झाले होते.

लिहून झालं की लगेच वही मिटू नका. त्या ओळीपाशी पाच-सहा श्वास थांबा. ही पायरी मी सुरुवातीला गाळत होते, आणि खरं काम इथेच होतं. अंगुत्तर निकाय या दुसऱ्या संग्रहात क्रम दिलाय: चांगल्या वागणुकीतून पश्चात्ताप नसणं, त्यातून पामोज्ज, म्हणजे मनाचं हलकं प्रसन्न होणं, मग पीति (हर्ष), पस्सद्धि (शरीर-मन निवणं), सुख आणि समाधी. तिथे असंही म्हटलंय की ज्याला पश्चात्ताप नाही त्याला 'मला पामोज्ज होवो' अशी इच्छा करावी लागत नाही. ते आपसूक होतं. म्हणून आनंद ओढून आणू नका. नुसतं थांबा.

आणि डावं पान? तेही लिहायचं, पण कसं, ते राहुलाला केलेल्या उपदेशातून घ्या. कृती करण्याआधी, करताना आणि झाल्यावर तपासायची. चुकलं असेल तर जाणत्या माणसाला सांगायचं आणि पुढे सांभाळायचं. चुकलं नसेल तर? तर त्याच आनंदात राहून रात्रंदिवस कुशलाचा अभ्यास करायचा, असं बापाने मुलाला स्पष्ट सांगितलंय. मध्यंतरी एका पुस्तकाच्या शीर्षकपानावरचं वर्ष माझ्या नजरेतून निसटलं आणि तसंच छापलं गेलं. पूर्वी मी ते पंधरा दिवस उगाळलं असतं. या वेळी त्याच दुपारी संपादकांना सांगितलं, आणि वर्षांचे आकडे स्वतंत्रपणे तपासायची सवय लावून घेतली. संयुत्त निकाय या आणखी एका संग्रहात दोन बाणांची उपमा आहे: पहिला लागतो, दुसरा आपल्या विलापातून लागतो. त्या रात्री डाव्या पानावर एक ओळ होती, आणि उजव्यावरही एक.

मुदिता, म्हणजे दुसऱ्याच्या सुखात सुख, मला सगळ्यात जड गेली. ज्याचा हेवा वाटतो त्याच्यापासून सुरुवात करू नका. पाचव्या शतकातल्या विशुद्धिमग्ग या साधनेवरच्या पाली ग्रंथात त्याचे लेखक बुद्धघोष सांगतात की सदा हसतमुख असलेल्या जिवलग मित्रापासून सुरू करावं. मी शाळेपासूनच्या मैत्रिणीचं हसणं आठवते. तेवढ्याने दार किलकिलं होतं, पुढची माणसं नंतर.

एक जपा. वहीचं ओझं होऊ देऊ नका. त्याच द्वेधावितक्क सुत्तात गुराखी आहे. शेतं पिकाने भरलेली असताना तो काठी घेऊन गुरांना आवरतो. पीक घरी गेलं की झाडाखाली बसतो आणि गुरं तिथे आहेत एवढं भान ठेवतो. चांगले विचारसुद्धा फार वेळ केले तर शरीर थकतं, असं बुद्धांनीच तिथे म्हटलंय. पान भरलं नाही तर राहू द्या.

काल उजव्या पानावर मी लिहिलं: 'दुपारी एक पान अगदी बिनचूक निघालं. सही करण्याआधी ते पुन्हा एकदा वाचलं, नुसतं वाचायचं म्हणून.'