सिक्लिडचा रंग उडालाय? आधी टँकचा तळ बघा

सिक्लिड म्हणजे टँकमध्ये हौसेने पाळतात त्या रंगीत माशांचं एक कुळ. दुकानात गडद निळा दिसलेला असा मासा घरी आणला आणि चार दिवसांत राखेसारखा झाला, हे माझ्याकडे पहिल्याच वर्षी झालं. तळाला पांढरी शुभ्र खडी, मागची काच मोकळी, तिच्यामागे पांढरी भिंत आणि वरून कडक एलईडी. मी कलर फूड बदललं, आजारी असेल म्हणून औषधही टाकलं, आणि मासा आजारी नव्हताच, तो त्या पांढऱ्या जागेत स्वतःला लपवत होता.

होतं काय की माशाच्या कातडीत रंगाच्या पेशी असतात, त्यातल्या काळ्या पेशींमधले बारीक कण पेशीभर पसरले की मासा गडद दिसतो आणि मध्यभागी गोळा झाले की फिका, आणि हे काही मिनिटांत होतं. वरून येणारा उजेड आणि तळावरून परत येणारा उजेड मासा डोळ्यांनी ताडून बघतो, तळ पांढरा असला की अंग फिकं करतो. निळा रंग तर बहुतेक वेळा रंगद्रव्य नसतोच, चमकणाऱ्या पेशींवरून परतलेला उजेड असतो आणि खाली काळ्या पेशी असतात म्हणून तो उठून दिसतो, काळं आकसलं की निळाही धुतल्यासारखा वाटतो. महिनोन्महिने पांढऱ्यावर ठेवलात तर काळ्या पेशीच कमी होतात, मग नंतर सगळं बदललं तरी रंग परतायला काही आठवडे जातात.

म्हणून सुरुवात फोटोपासून करा. लाईट लावून तासभर झाल्यावर, एकाच जागेवरून. लाईट लावल्या लावल्या काढू नका, अंधारात बरेच मासे फिके पडतात आणि उगाच घाबरायला होतं.

मग मागच्या काचेला बाहेरून काळा किंवा गडद निळा चार्ट पेपर चिकटवा. सगळ्यात स्वस्त उपाय हाच, आणि दोन-तीन दिवस फक्त बघा.

त्यानंतर तळ. पांढरी खडी आणि ते गुलाबी-हिरवे रंगवलेले दगड काढून बांधकामावरची नदीची वाळू चाळून, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवून घाला. एकदम सगळा तळ बदलू नका, अर्धा आत्ता आणि अर्धा आठवड्याने, कारण घाण पचवणारे जिवाणू त्या खडीवरही असतात. त्या काळात फिल्टरचा स्पंज नळाखाली धुवायचा नाही, टँकमधूनच काढलेल्या पाण्यात पिळायचा. तळ अगदी कुळकुळीत काळाही नको, काही मासे त्यावर जास्तच काळवंडतात, करडा-तपकिरी मला सगळ्यात बरा वाटतो. डिस्कस हा थाळीसारखा गोल, चपटा सिक्लिड पाळणाऱ्यांनी मात्र उलटं करावं, त्याच्या पिजन ब्लडसारख्या जातींवर गडद तळामुळे काळे ठिपके उठतात, त्यांना फिकाच तळ ठेवा.

दगडांच्या बाबतीत सोलापूरकर नशीबवान आहेत, आपला काळा पाषाण पाण्यात काही सोडत नाही. फक्त क्रशरची धारदार खडी घेऊ नका, पीकॉकसारखे सिक्लिड तोंडात वाळू घेऊन चाळतात. अनोळखी दगडावर लिंबू पिळा, बुडबुडे आले तर त्यात चुना आहे, तो पाणी जड करतो. आफ्रिकेतल्या मलावी सरोवराच्या माशांना तो चालतो, त्यांना पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे त्याचं माप) 7.8 ते 8.6 लागतो आणि आपलं बोअरचं जड पाणी त्यांना मानवतं. एंजल, डिस्कस या मऊ पाण्यातल्या सिक्लिडना असा दगड नको.

लाईट आठ-नऊ तास पुरे. दगड रचून कपारी करा, कारण रंगाचा निम्मा खेळ टँकमधल्या दादागिरीचा असतो. दबलेला नर रंग दाखवत नाही, दाखवला की मार खातो, त्याला नजरेआड व्हायला जागा द्या. आणि मासा कोणता आहे तेही बघा, पीकॉकच्या माद्या करड्याच असतात. केनयी नावाच्या सिक्लिडचं पिल्लू निळं असतं आणि नर मोठा होताना पिवळा होतो, लोक समजतात रंग बिघडला.

एप्रिल-मेमध्ये पारा 42 च्या वर जातो तेव्हा गरम पाण्यात ऑक्सिजन कमी राहतो आणि ताणाने मासे फिके पडतात. झाकण उघडून वर जाळी टाका आणि छोट्या पंख्याचा वारा पाण्यावर सोडा, दोन-तीन अंश नक्की उतरतात. वाफ झालेलं पाणी नुसतं भरत राहू नका, क्षार मागेच राहतात, आठवड्याला थोडं पाणी बदलाच. नळाला रोज पाणी येत नाही म्हणून एक ड्रम भरून ठेवा आणि टाकण्याआधी क्लोरीन घालवणारं औषध घाला.

लाल-पिवळ्या रंगासाठी स्पिरुलिना किंवा कोळंबीचं खाणं हवं, ते रंग मासा स्वतः बनवू शकत नाही. निळ्याला त्याचा फारसा उपयोग नाही.

चौथ्या आठवड्यात त्याच जागेवरून पुन्हा फोटो काढून शेजारी धरा. तरीही फिका असेल, पर मिटलेले असतील आणि खात नसेल, तर मात्र तळाचा प्रश्न नाही, त्याच दिवशी अमोनिया तपासा.