‘शंभर वर्षांचा पूर’ काढताना या चुका टाळा

एक्सेलमध्ये तीस वर्षांचे आकडे, शेजारी गुम्बेलचं सूत्र आणि खाली ठळक अक्षरांत उत्तर: शंभर वर्षांचा पाऊस, म्हणजे कोणत्याही एका वर्षी ओलांडला जाण्याची शक्यता एक टक्का असलेला पाऊस, इतके मिलिमीटर. नाला, पूल, मोबाइल टॉवर, संरक्षक भिंत, सगळं या एका आकड्यावर उभं राहतं. आकडा चुकला की लोक सूत्राला दोष देतात. सूत्र बिचारं क्वचितच चुकतं, चुकते ती त्याच्या आधीची यादी.

चरम मूल्यांचा, म्हणजे टोकाच्या आकड्यांचा, सिद्धांत सांगतो ते थोडक्यात असं. दरवर्षीचं एक कमाल मूल्य घेत गेलात, तर मूळ आकड्यांचं वितरण काहीही असो, त्या कमाल मूल्यांचं वितरण साधारणपणे तीनच घराण्यांपैकी एकाकडे झुकतं: गुम्बेल, फ्रेशे किंवा वायबुल. 1928 मध्ये फिशर आणि टिपेट यांनी हे मांडलं, 1943 मध्ये ग्नेडेन्को यांनी त्याची पक्की सिद्धता दिली. पण अट आहे. आकडे एकाच प्रक्रियेतून आलेले हवेत, एकमेकांवर फार अवलंबून नकोत आणि ती प्रक्रिया दरम्यान बदललेली नको. पुण्यात काम करणाऱ्याला या तिन्ही अटी एकदम मोडलेल्या सापडतात.

मुठेच्या यादीत 1961 घालायचं का?

12 जुलै 1961 ला पुण्याच्या वरच्या बाजूचं पानशेत धरण फुटलं, त्या लोंढ्याने खडकवासलाही फुटलं आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. मुठेच्या वार्षिक कमाल विसर्गाच्या यादीत हा आकडा टाकलात, की वितरणाचं शेपूट एकदम जाड होतं, म्हणजे फार मोठ्या आकड्यांची शक्यता वाढते, आणि शंभर वर्षांचा पूर भलताच फुगतो. वगळलात, तर कोणीतरी विचारणारच: शहराने पाहिलेला सर्वांत मोठा पूर तुम्ही लपवता? माझं मत स्पष्ट आहे, वगळा. तो पूर पावसाने आणलेला नव्हता, पहिल्याच वर्षी भरत असलेलं मातीचं धरण फुटल्याने आला होता. धरणफुटीचं गणित वेगळं करतात, अहवालात त्याचं प्रकरणही वेगळं ठेवतात. फक्त वगळल्याचं कारण लिहून ठेवा, गुपचूप ओळ पुसू नका.

याहून छुपी चूक रोजच्या विसर्गाची. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर अशी चार धरणं वर असताना शहरातल्या मुठेचा कमाल विसर्ग म्हणजे निम्मा पाऊस आणि निम्मा दरवाजे कधी नि किती उचलायचे याचा निर्णय. नदीपात्रातला सखल भिडे पूल पाण्याखाली जाणं ही निसर्गाइतकीच त्या निर्णयाची नोंद आहे. शिवाय धरणं वेगवेगळ्या दशकांत झाली, म्हणजे यादीच्या मधोमध नदीच बदलली. अशा आकड्यांना थेट गुम्बेल लावू नका. चरम मूल्यांचं गणित पावसावर किंवा धरणात येणाऱ्या येव्यावर करा. मग तो येवा जलाशयाच्या परिचालनाच्या नियमांतून पुढे न्या आणि खालचा विसर्ग काढा. काम वाढतं, पण पर्याय नाही.

पाऊसही एक नाही

जुलैतली घाटमाथ्याची संततधार आणि वळवाचा किंवा परतीचा गडगडाटी पाऊस या दोन निराळ्या जाती आहेत. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला तो काही तासांच्या पावसाने. मोठ्या नदीच्या पुराला संततधार लागते, ओढ्याला दोन तास पुरतात. दोन्ही एका यादीत कोंबले तर जे वितरण बसतं ते कोणाचंच नसतं. जूनपासूनचा मान्सून आणि गडगडाटी पाऊस यांच्या कमाल मूल्यांच्या याद्या वेगळ्या करा, दोन्हींना वितरण बसवा आणि ‘दोन्हींपैकी एकही ओलांडत नाही’ या शक्यतांचा गुणाकार करून एकत्र आणा.

ओढ्यासाठी 24 तासांचा आकडा तसाही कुचकामी, तिथे तासाचा किंवा पंधरा मिनिटांचा पाऊस हवा. आणि 24 तासांचाही नीट पाहा. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी 8:30 ते 8:30 असतो, त्यामुळे पहाटे सुरू होऊन दुपारी संपलेला पाऊस दोन दिवसांत वाटला जातो. कोणत्याही सलग 24 तासांचं कमाल मूल्य हवं असेल, तर ठरावीक वेळेच्या कमाल मूल्याला सुमारे 1.13 ने गुणण्याची रूढ पद्धत आहे. बऱ्याच अहवालांत हा गुणक विसरलेला दिसतो.

एका केंद्रावर शहर तोलू नका. 26 जुलै 2005 ला मुंबईत सांताक्रूझला 944 मिलिमीटर पडला, कुलाब्याला जेमतेम 73. शिवाजीनगरच्या नोंदीवर कात्रजचा ओढा बेतणाऱ्याने हे दोन आकडे समोर चिकटवून ठेवावेत.

आणि रिकामे रकाने. पर्जन्यमापक बंद पडतो तो बहुधा वादळात, वीज गेल्यावर, म्हणजे नेमक्या हव्या त्या दिवशी. तिथे शून्य भरू नका आणि त्या वर्षाचं उरलेल्या दिवसांतलं कमाल मूल्य डोळे झाकून घेऊ नका. शेजारच्या केंद्राशी ताडून पाहा.

उत्तर विचित्र येतंय? आधी चिन्ह तपासा

तिन्ही घराणी एका सूत्रात बांधणारा शेप पॅरामीटर, म्हणजे शेपूट किती जाड ते सांगणारा आकडा, काही पुस्तकांत एका चिन्हाने, तर काहींत उलट चिन्हाने लिहितात. पायथन भाषेतल्या सायपाय या गणिताच्या संचात तर गंमतच आहे. वार्षिक कमाल मूल्यांच्या फंक्शनमध्ये चिन्ह रूढ पद्धतीच्या उलट, आणि एका ठरावीक उंबरठ्याच्या वर गेलेल्या मूल्यांसाठीच्या पॅरेटो फंक्शनमध्ये सुलट! फरक किती पडतो ते पाहा. समजा लोकेशन (वितरण कुठे बसतं) 70 मिमी, स्केल (ते किती पसरतं) 22 मिमी. शेप शून्य धरला, म्हणजे गुम्बेल, तर शंभर वर्षांचा पाऊस 171 मिमी. शेप अधिक 0.15 असेल तर 216. उणे 0.15 असेल तर 143. चिन्हाच्या एका चुकीने 73 मिमी गेले.

याच कारणाने ‘आम्ही नेहमी गुम्बेलच वापरतो’ हे उत्तर मला पटत नाही. गुम्बेल म्हणजे शेप शून्य असं न तपासता ठरवून टाकणं. पण तीस आकड्यांवरून कमाल संभाव्यतेच्या (मॅक्सिमम लाइकलिहूड) पद्धतीने शेप काढला तर तोही हेलकावे खातो. छोट्या यादीला एल-मोमेंट, म्हणजे क्रमाने लावलेल्या आकड्यांवरून काढलेली मापं, जास्त शांत वागतात, आसपासच्या केंद्रांचा शेप एकत्र काढणं त्याहून बरं. आणि 171 हा आकडा एकटा कधीच देऊ नका. त्याचा विश्वास-पट्टा, म्हणजे खरा आकडा ज्या दोन टोकांमध्ये असू शकतो तो पल्ला, वरच्या बाजूला जास्त लांब असतो, म्हणून ‘अधिक-उणे इतके’ अशी समान मांडणी वरची जोखीम झाकते.

वार्षिक कमालऐवजी उंबरठ्याच्या वरची सगळी मूल्यं घेणार असाल, तर सलग चार दिवसांची झड म्हणजे चार घटना नव्हेत. त्या झडीतला एक कमाल आकडा ठेवा. उंबरठाही दोन-तीन जागी हलवून पाहा. शेप तेवढ्याने बदलत असेल तर उंबरठा बहुधा फार खाली आहे.

पूररेषा आणि गृहकर्ज

निळी पूररेषा 25 वर्षांच्या पुराची, लाल 100 वर्षांची. ‘2019 ला पूर येऊन गेला, आता पंचवीस वर्षं निर्धास्त’ हे सोसायटीच्या सभेत ऐकू येतं. 25 वर्षांचा पूर म्हणजे दरवर्षी 4 टक्के शक्यता, मागच्या वर्षी काहीही झालेलं असो. 20 वर्षांच्या कर्जाच्या मुदतीत पाणी निळ्या रेषेपर्यंत एकदा तरी येण्याची शक्यता 56 टक्के, लाल रेषेपर्यंत 18 टक्के. हेही शहर तसंच राहिलं तर. वर काँक्रीट वाढलं की रेषा जुन्या होतात.

वाऱ्याचं तसंच. भारतीय मानकात पुण्याचा मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला 39 मीटर आहे. तो जमिनीपासून 10 मीटर उंचीवरचा, 3 सेकंदांच्या झोताचा आणि 50 वर्षांच्या आवर्तनाचा, म्हणजे सरासरी 50 वर्षांतून एकदा गाठला जाणारा, आहे. त्याच्याशी तासाभराच्या सरासरी वेगाची तुलना करून ‘मानक फारच सावध आहे’ म्हणू नये.

चाकण-भोसरीच्या कारखान्यांतल्यांसाठी

पोलादातला सर्वांत मोठा समावेश, म्हणजे इन्क्लूजन, धातूत अडकलेला परका कण, किती मोठा असेल हाही याच सिद्धांताचा प्रश्न, कारण धातूच्या थकव्याने, म्हणजे वारंवारच्या भाराने, पडणारी भेग बहुधा तिथूनच सुरू होते. मुराकामी यांच्या पद्धतीत सूक्ष्मदर्शकाखाली ठरावीक क्षेत्र अनेकदा तपासतात, प्रत्येक क्षेत्रातला सर्वांत मोठा समावेश नोंदवतात आणि गुम्बेल बसवतात. इथली नेहमीची चूक म्हणजे तपासलेल्या तुकड्यांतलं कमाल मूल्यच पूर्ण भागाचं कमाल मूल्य म्हणून वापरणं. क्रँकशाफ्टचं आकारमान तपासलेल्या नमुन्याच्या कितीतरी पट असतं, आवर्तन काळ त्या गुणोत्तराने वाढवावा लागतो. आणि ताकदीसारख्या किमान मूल्यांवर काम असेल, तर आकड्यांची चिन्हं उलटवून कमाल मूल्यांचं सूत्र लावा आणि उत्तराचं चिन्ह पुन्हा उलटवा. दुसरी पायरी राहिली की ताकद उणे येते. तेवढी चूक मात्र लगेच दिसते.