पीओई स्विचवर आधी एकूण वॅट वाचा

कोथरूड, सिंहगड रोडकडच्या सोसायट्यांत सीसीटीव्ही बसवताना आता बऱ्याचदा पीओई (पॉवर ओव्हर इथरनेट) स्विच वापरतात. एकाच लॅन केबलमधून डेटाही जातो आणि वीजही, त्यामुळे गेटवरच्या कॅमेऱ्यासाठी वेगळा प्लग पॉइंट काढावा लागत नाही. मात्र पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, तापकीर गल्लीत, स्विच घ्यायला गेलात तर नुसते पोर्ट मोजू नका. पीओई बजेट, म्हणजे सगळ्या पोर्टना मिळून स्विच देऊ शकतो ती एकूण वीज, किती वॅट आहे ते आधी बघा. ८ पोर्ट आणि ६० वॅट बजेट असेल, तर प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी साडेसात वॅटच येतात. ८०२.३एएफ या पीओई मानकाचा पोर्ट १५.४ वॅटपर्यंत देऊ शकतो, ८०२.३एटीचा ३० पर्यंत, पण सगळे पोर्ट एकाच वेळी तेवढे देतीलच असं नाही. हिशेब रात्रीचा धरा. अंधारात इन्फ्रारेड दिवे लागले की कॅमेरा जास्त वीज ओढतो. दिवसा नीट चालणारा कॅमेरा रात्री सारखा रिस्टार्ट होत असेल, तर आधी बजेट तपासा, मग केबल.

केबल अस्सल तांब्याचीच घ्या, १०० मीटरच्या आत. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त पडते, पण तिचा रोध जास्त. व्होल्टेज वाटेतच पडतं आणि तार तापते. इथे पैसे वाचवू नयेत, असं माझं ठाम मत आहे.

मानकानुसार चालणारा स्विच आधी अगदी कमी व्होल्टेज सोडून पलीकडे सुमारे २५ किलोओहमचा रोध आहे का ते बघतो, मगच ४८ व्होल्टच्या आसपास वीज देतो. म्हणून त्याला साधा लॅपटॉप जोडला तरी चालतो. २४ व्होल्टचे पॅसिव्ह इंजेक्टर (लॅन केबलमध्ये वीज सोडणारे साधे अडॅप्टर) मात्र असं काही तपासत नाहीत. त्यांना त्यांच्याच जोडीचं यंत्र लावा.