स्पीड पोस्टचं ट्रॅकिंग वाचताना या चुका टाळा

राखी पाठवून दोन दिवस झाले, ट्रॅकिंग ‘आयटम डिस्पॅच्ड’च्या पुढे हलेना, की घरात एकच वाक्य सुरू होतं: ‘हरवली वाटतं.’ बहुतेक वेळा काहीही हरवलेलं नसतं. पाकीट आत्ता कुठे आहे हे ट्रॅकिंग सांगतच नाही. ते शेवटचं कुठे स्कॅन झालं, एवढंच सांगतं. ‘आयटम बॅग्ड’ म्हणजे तुमचं पाकीट इतरांसोबत पिशवीत गेलं आणि पिशवीचं तोंड बंद झालं; ‘डिस्पॅच्ड’ म्हणजे ती पुढे रवाना झाली. पुढे ती पिशवी उघडेपर्यंत पाकिटाला कुणी हात लावत नाही, स्कॅन होते ती पिशवी. मग पडद्यावर नवीन काय दिसणार? शेजारच्या तालुक्याचं टपालही आधी लांबच्या सॉर्टिंग हबला, म्हणजे टपाल गावागणिक वेगळं करण्याच्या केंद्राला, जाऊन मागे फिरतं, तेव्हा भलत्याच गावाचं नाव दिसलं म्हणून घाबरू नका. पावतीवरचा पिनकोड मात्र एकदा तपासा. टपाल खात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकरांनी १९७२ साली आणलेल्या या सहा आकड्यांवरच सगळी वाटणी चालते. ४१५६१२ म्हणजे रत्नागिरी; ५ च्या जागी ६ पडला की पाकीट कोल्हापूर-सिंधुदुर्गाच्या पट्ट्याकडे वळलंच.

‘रेकॉर्ड सापडत नाही’ आलं, तर आधी पावतीवरचा ट्रॅकिंग नंबर पाहा. तेरा अक्षरांचा असतो: सुरुवातीला दोन इंग्रजी अक्षरं, मग नऊ आकडे, शेवटी ‘आयएन’. मधल्या नऊ जागांत ‘ओ’ हे अक्षर कधीच नसतं, तिथे शून्यच टाका. पावतीची शाई उडते, म्हणून काउंटरवरच फोटो काढून ठेवा.

‘डोअर लॉक्ड’ दिसल्यावर ‘उद्या येईल परत’ म्हणून बसून राहू नका. नंबर आणि ओळखपत्र घेऊन पोस्टात जा. पण कोपऱ्यावरच्या पोस्टात नव्हे! शहरांतली कितीतरी पोस्टं नुसती बुकिंग घेतात, वाटप करत नाहीत. ट्रॅकिंगमध्ये शेवटी ज्या पोस्टाचं नाव आहे, तेच गाठा. फार दिवस काढलेत तर पाकीट पाठवणाऱ्याकडे परत निघतं, आणि तिथे पोचल्यावरही शेरा ‘डिलिव्हर्ड’ असाच पडतो. म्हणून हा शब्द दिसला की कुठल्या पोस्टातून, ते वाचा. तुमचंच पोस्ट असेल तर आधी वॉचमनला आणि शेजारच्या काकूंना विचारा, तक्रार नंतर.

‘पत्ता अपूर्ण आहे, बारा तासांत लिंकवर दुरुस्त करा’ असा मेसेज आला तर सरळ डिलीट करा. पोस्ट खात्याच्या नावाने फिरणारी ही जुनी फसवणूक आहे. पत्ता खरंच अपुरा असेल तर तसा शेरा ट्रॅकिंगवरच पडतो.

आणि अमेरिकेतल्या लेकीला फराळ पाठवलात, तो मुंबईहून निघाल्यावर आठवडाभर गप्प आहे? तोच नंबर तिथल्या पोस्टाच्या साइटवर टाकून पाहा. कधीकधी चकल्या तिच्या गावात पोचलेल्या असतात आणि आपण इकडे पान रिफ्रेश करत बसलेलो असतो.